मागच्या डाव्या दाराची काच

मोबाइल ठेवा बाजूला, आणि मध्ये मध्ये हसायचं नाही. ज्याच्यावर हे बेतलं तो पॉल अजून आपल्या मरोळ गावठाणातच राहतो. उद्या जाऊन विचारा हवं तर. दार उघडेल, चहा देईल, पण यावर एक शब्द बोलणार नाही. म्हणून मी सांगतो.

पॉलची कॉन्टेसा तुम्ही पाहिली असेल. काळी, लांबलचक, पाण्यासारखं पेट्रोल पिणारी. ती गल्लीत वळवायची म्हणजे अर्धं गावठाण बाहेर येऊन "घे, घे, अजून घे" करतं. एअरपोर्टच्या नोकरीतून सुटल्यापासून पॉल दिवसभर तिलाच पुसत बसायचा. बायको एलेन म्हणायची, "एक दिवस मला पण पॉलिश मार रे." पण गाडी ठेवली होती ती एलेनसाठीच. तिला दमा. रिक्षातला धूर सोसत नाही, बसमध्ये जीव गुदमरतो. तिला काच उघडी लागते आणि तोंडावर वारा लागतो. पुढे बसली की ती पॉलला गाडी शिकवायला लागायची, म्हणून तिची जागा मागे डावीकडे. उजवीकडची काच कधीचीच चिकटलेली होती. आता नेमकी डावीकडची पण मोटर जळली, आणि काच वर अडकली ती अडकलीच.

त्यात नोव्हेंबरची दोन तारीख जवळ आलेली. गेल्या वर्षीची गोष्ट ही. आमच्यात तो मेलेल्यांचा दिवस. बोरिवलीला आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला एलेन कधी चुकली नव्हती. त्याही वर्षी चुकू द्यायची नाही, असं ठरवून पॉल लवूच्या गॅरेजवर गेला.

लवू मालवणकडचा. जुन्या गाड्या म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. कॉन्टेसाची नवी मोटर आता कुठे मिळायला? चार दिवस शोधून त्याने भंगारातून एक पैदा केली.

"गावली रे पॉल! खाडीत गेल्ली गाडी, पन मोटर एक नंबर. आतसून चिकल निघालो, तो धुतलंय."

त्याने दाराचं आतलं पॅड काढलं, काच खाली घसरू नये म्हणून चौकटीला चिकटपट्टीने बांधली, जळकी मोटर काढली आणि ही बसवली. चिकटपट्टी सोडून बॅटरीची वायर लावताच काच सर्रकन खाली. बटण दाबलं, वर. पॉल म्हणाला, "झकास!"

इथेच दोघांनी माती खाल्ली.

लवूची एक पद्धत आहे. अपघातातल्या गाडीचा पार्ट आला की तो आधी पाटावर ठेवायचा, पुढे नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. देवाला, आणि त्या गाडीत जो कोण गेला असेल त्यालाही सांगायचं, की बाबा, वस्तू आता दुसऱ्याची झाली, तू तुझी वाट धर. आजूबाजूच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. आणि पॉलची पद्धत अशी, की गाडीला साधा टायर घातला तरी फादरना बोलवून पवित्र पाणी शिंपडून घ्यायचं. पण लवूने आरशाला लटकलेली रोजरीची माळ बघितली. त्याला वाटलं, यांचं ते करतील, उगाच आपला नारळ कशाला? पॉलने फळीवरचा नारळ बघितला. त्याला वाटलं, लवूने केलंच असणार, आता परत फादरना कशाला त्रास? दोघेही भिडस्त. दोघांनी एकमेकांच्या देवावर भरवसा ठेवला, आणि विचारलं कोणीच नाही.

दोन तारखेला संध्याकाळी दोघं बोरिवलीला गेले. मेणबत्त्या लावल्या, फुलं ठेवली, बहिणीकडे जेवले. एलेन खूश होती. जाताना सगळा रस्ता काच खाली, केस उडतायत, पॉल आरशातून बघतोय. नऊच्या सुमाराला परत निघाले. मेन रोडला गाड्यांची रांग लागलेली, म्हणून पॉलने आरेतला आतला रस्ता धरला.

तुम्हाला माहिताय तो. गोठे संपले की दिवे संपतात. दोन्ही बाजूंना झाडी. समोर एक रिक्षा होती, ती वळून गेली. मग कोणी नाही.

मागे काच वर गेली. हळू.

"थंडी वाजते काय गं?" पॉलने विचारलं.

"मी नाही केली. तूच केलीस ना?"

पॉलने पुढचं बटण दाबलं. काच खाली आली. दोन झाडं मागे गेली असतील नसतील, परत वर. या वेळी झटक्यात. खट्.

"पॉल... वास येतोय. खाडीचा."

पॉललाही आला. भरती ओसरल्यावर चिखलाचा येतो तसा. आरेच्या जंगलात! त्याच्या हातावर काटा उभा राहिला. बटण दाबतोय, दाबतोय. काच ढिम्म. मोटर मात्र आत घरघरत होती.

"पॉल, माझ्या मांडीवर..."

"काय?"

"वजन आहे. कोणतरी... उभं आहे."

त्याने करकचून ब्रेक मारला. आतला दिवा लावला. मागे एलेन एकटी. डोळे फाटलेले, तोंड उघडं, मान वर ताणलेली... नाकाच्या वर पाणी आलेल्या माणसासारखी. पॉल धावत तिच्या दाराशी गेला. उघडेना. पलीकडून शिरला, तिला काखेत धरून ओढलं. एलेन किती, पन्नास किलोची बाई. तसूभर हलली नाही. दम्याचा पंप तिच्या तोंडात धरला. काही नाही. पुढचं आणि पलीकडचं दार सताड उघडं, वारा सुटलेला, पण तिला हवा मिळत नव्हती. ओठ निळे पडायला लागले.

पॉल डॅशबोर्डखाली वाकला आणि काचांचा फ्यूज उपटला. फ्यूज मुठीत. तरी मोटर घरघरतेय.

तेव्हा तो खरा घाबरला. आपली बायको आपल्या डोळ्यांसमोर, कोरड्या गाडीत बुडतेय, हे त्याला कळलं. त्याने लवूला फोन लावला, स्पीकरवर.

"लवू! एलेन गुदमरतेय! मोटर बसवताना नारळ ठेवलेलास ना?"





"...मी? नाय रे पॉल. माका वाटला, तुमच्या फादरान..."

मागून एलेनचा घशातला आवाज.

"फोन तिच्याजवळ धर," लवू एकदम म्हणाला. "मी गाऱ्हाणा घालतंय. तू 'व्हय म्हाराजा' म्हण. चुकू नको."

पलीकडच्या दारातून आत वाकून पॉलने फोन तिच्या काचेजवळ धरला. फोनमधून लवूचा आवाज आला, उंच, गावच्या देवळात लावतात तसा. "बा देवा म्हाराजा! आज जा कोण या वस्तूबरोबर इला आसात, ता लहान आसो, थोर आसो..."

पॉलने तोंड उघडलं. शब्द फुटेना.

"...तेका पान्यातसून वर काढ, तेची वाट मोकळी कर रे म्हाराजा!"

आणि मागच्या सीटवरून उत्तर आलं.

"व्हय म्हाराजा."

बारीक आवाज. बोबडा.

एलेनचे ओठ हलले नव्हते. पॉल तिच्याकडेच बघत होता.

फोनमध्ये लवू थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "पॉल... तुझ्यावांगडा गाडीत पोर कोनाचा आसा?"

पॉलच्या तोंडून लहानपणची, मेलेल्यांसाठीची प्रार्थनाच आली, "प्रभो, त्याला सार्वकालिक विसावा दे." ती त्याने परत म्हटली. रडत रडत परत म्हटली. फ्यूज अजून त्याच्या मुठीत होता.

काच खाली आली. हळू... पूर्ण खाली.

गाडी डावीकडे किंचित कलली, आणि सरळ झाली. पॉलच्या हातावरून काहीतरी गार, ओलं घासून बाहेर गेलं. एलेनने श्वास घेतला. असा श्वास, की तो ऐकून पॉल रस्त्यावरच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी लवूने मोटर उतरवली. मग तडक भंगारवाल्याकडे जाऊन त्याची कॉलर धरली, की त्या गाडीत कोण मेलं होतं ते सांग. तो म्हणाला, "कोणीच नाही. ड्रायव्हर एकटा होता, पोहून बाहेर आला. बाकी कोणी होतं असं तो काही बोलला नाही."

लवू तसाच परत आला. गॅरेज बंद करून घरी गेला.

आणि एलेनचा फ्रॉक. त्या रात्री घातलेला, काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. तिने धुतला, अंगणात दोरीवर टाकला. ऊन चांगलं होतं. दुपारपर्यंत कापड कडकडीत वाळलं. फक्त मांडीवर, दोन ठिकाणी नाही. माझ्या तळहातात मावतील एवढी दोन पावलं, बोटं डावीकडे, गाडीत खिडकी होती त्या बाजूला. तिने इस्त्री फिरवली. परत ओली.

आता वर्ष होत आलं. मी काल सकाळीच त्यांच्या घरावरून आलो. एलेन दारात होती, तोच फ्रॉक दोरीवर वाळत घालत होती. रोज वाळत घालते.