चिमणाबाईंचा माउथऑर्गन

अंबाबाईची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथं होतो. म्हणजे... नव्हतो, पण दत्तप्रसादांचा दमा मी जवळून पाहिलाय, तेव्हा होतो असंच समजा.

कोल्हापुरात दत्तप्रसादांच्या घरी जुन्या माउथऑर्गनची दोन कपाटं भरलेली. बायको, इरावती, म्हणायची, "जिना चढताना धाप लागते, आणि हौस बघा, फुंकायची!" त्या दुपारी ते चिमणाबाई नावाच्या म्हातारीकडचा माउथऑर्गन बघायला इचलकरंजीला निघाले तेव्हा तिनं बजावलं, "दिवे लागायच्या आत या. अन् दम्याचा पंप खिशात ठेवा."

चिमणाबाईंची खोली मागच्या गल्लीत. चारी बाजूंनी यंत्रमागांचा खडखडाट. भिंतीसुद्धा थरथरत होत्या. म्हातारीनं लुगड्याच्या घडीतून वस्तू काढली. जर्मन बनावटीचा माउथऑर्गन, दोन्ही टोकांना इवल्या पितळी घंटा. असा दत्तप्रसादांनी फक्त चित्रात पाहिला होता.

"मालक मागावर हुतं," ती म्हणाली. "छातीत कापूस बसला. ह्यो वाजवता वाजवताच गेलं. सांजच्याला मी जरा फुकते, तेवढीच त्यास्नी सोबत. माझ्यामागं कोन बघनार? जानत्याच्या हातात जाऊ दे."

"वाजवून बघू?"

"फुका की खुशाल. पर पावणं... दम आत वडू नगा."

"का?"

"शेवटचा दम त्यांनी भायेर सोडलाच न्हाय. ह्यात हाय."

दत्तप्रसाद मनात हसले. निम्मे सूर श्वास आत ओढल्याशिवाय वाजतच नाहीत. ते न तपासता वस्तू घेणारा संग्राहक कसला? ती पाणी आणायला वळली आणि तेवढ्यात वीज गेली. सगळे माग एकदम थांबले. त्या शांततेत त्यांनी माउथऑर्गन ओठांना लावला, आणि ओढला.

आतला वारा गरम होता. कांजीचा, कापसाचा, तंबाखूचा वास. सूर संपेना... छाती भरली तरी ओढणं थांबेना. हात सोडले, तरी ओठ सुटेनात. मग दोन्ही घंटा आपोआप किणकिणल्या, आणि ओठ सुटले.

चिमणाबाई दारात थबकली. हळूच तिनं कपाळापर्यंत पदर ओढला, नजर खाली केली.

"आलासा व्हय..." ती पुटपुटली. "च्या टाकू?"

दत्तप्रसादांना 'नको' म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "टाक." आवाज त्यांचा नव्हता.

कसेबसे ते बाहेर पडले. घरी दोन जिने न थांबता चढले. इरावती हरखली, "अगंबाई, धाप नाही!" तेवढ्यात त्यांना खोकला आला. बेसिनमध्ये पांढरा कापूस पडला. त्यांनी मुकाट्यानं नळ सोडला.

आता कबूल करतो. यात मी रचलेलं एवढंच: ते घरी आले, ते. इरावतीवहिनी अजून दिवे लागले की जिन्याचं दार उघडं ठेवतात, त्यांच्यासाठी रचलं.

परवा मी इचलकरंजीला जाऊन आलो. चिमणाबाईंच्या उंबऱ्याशी चपलांचे दोन जोड होते. आत कुणीतरी बशीतला चहा फुर्रकन ओढत होतं. खूप लांब... एका दमात.