शब्द कमी करून पहा

माझ्या नातीचं, मैत्रीचं, बारसं पनवेलला झालं ते दोन हजार तेवीसच्या जानेवारीत. पाळण्याची दोरी माझ्या हातात असतानाच माझा मुलगा स्वराज म्हणाला, "आई, वाडी विकून टाकू. तू इकडेच ये. मैत्रीलाही आजी मिळेल."

वाडी म्हणजे श्रीवर्धनची आमची अर्ध्या एकराची सुपारीची बाग. स्वराज बारा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. त्यानंतर मी याच पोफळींवर त्याला वाढवलं. दोन हजार वीसच्या वादळात त्यातल्या चार सोडून सगळ्या आडव्या झाल्या. पुढच्या पावसाळ्यात मी नवी दोनशे रोपं लावली. पण ती रोपं पिवळी पडत होती. पान वर यायचं, टोकाकडून करपायचं, आणि रोप तिथंच बसायचं. स्वराजनं एक माणूस आणून दाखवला. तो म्हणाला, जमिनीतच रोग आहे.

"मे महिन्यात येतो," स्वराज म्हणाला. "तोवर रोपं सुधारली तर बघू. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे."

मी दोरी ओढत राहिले. मैत्री झोपली होती.

श्रीवर्धनला परत आले त्या आठवड्यात वाचनालयाच्या दारावर कागद दिसला. मी पन्नाशीत अक्षरं शिकले, त्यामुळे दारावरचा कागद मी शेवटपर्यंत वाचते, अगदी खालच्या सहीपर्यंत. त्यावर लिहिलं होतं की दर शनिवारी सकाळी संगणकावर शोधनिबंध कसे शोधायचे ते शिकवणार. विषय आरोग्य, इतिहास, शेती. शेती हा शब्द मी दोनदा वाचला आणि आत गेले.

शिकवणाऱ्या मृणाल मॅडम माझ्या सुनेपेक्षाही लहान. संगणक चार. तिनांवर कॉलेजची मुलं बसलेली, चौथा माझा. मॅडमनी माझा हात माउसवर ठेवला आणि म्हणाल्या, "मावशी, हळू सरकवा." मी हळूच सरकवला, तरी पडद्यावरचा बाण पळाला तो कोपऱ्यात जाऊन लपला. ओढून आणायला गेले तर माउसच टेबलावरून खाली गेला... आणि खाली पडलाच नाही. कुणीतरी मधल्यामधे झेलला.

"नवीन जनावर हाय," झेलणारा म्हणाला. "माणसाची सवय न्हाय त्याला."

मी वर पाहिलं. उंच, उन्हानं काळवंडलेला माणूस, पांढऱ्या मिशा, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. हातात परत करायला आणलेलं पुस्तक.

"तुम्हाला जमतं?" मी जरा रागानंच विचारलं.

"चाळीस वर्षं दिघी-आगरदांडा लाँच चालवली. हे तर एवढंसं सुकाणू."

तो बाजूला बसला, माउसवर हात ठेवला, आणि बाण सरळ रेषेत गेला, जाऊन थांबला. मला हेवा वाटला. मग तो पडद्याकडे झुकला, अजून झुकला, नाक टेकायचं बाकी राहिलं.

"काय लिवलंय इथं? एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा बाकी हाय. सगळं धुकं दिसतं."

मी वाचलं, "शो-धा."

"बघा," तो मॅडमना म्हणाला, "हात माझे, डोळे बाईंचे. दोघांत मिळून एक माणूस झाला."

कॉलेजची मुलं हसली. मी पदर सारखा केला. उगाचच, तो सरकला नव्हता.

अशी आमची जोडी जमली. तो दिघीहून एसटीनं यायचा, पहिल्या गाडीनं. बायकोला जाऊन नऊ वर्षं झालेली, मुलगी सुचिता मुंबईला. मी त्याला तांडेल म्हणू लागले, लाँच चालवणाऱ्याला सगळे म्हणतात तसं.

"तुम्हाला काय शोधायचंय?" मी एकदा विचारलं.

"आधी तुमचं सापडू दे."

"पण काहीतरी असेलच ना?"

"हाय की. पण ते यंत्रात नसावं बहुतेक," तो म्हणाला आणि डोळ्यावरची पट्टी सारखी करायला लागला. मी पडद्याकडे बघत राहिले. पडदा तेव्हा बंद होता.

पहिल्या दिवशी शोधायच्या चौकोनात काय लिहायचं ते मी सांगितलं आणि त्यानं एकेक कळ चाचपत, माझ्या डोळ्यांनी, ते लिहिलं. साक्षरता वर्गात आम्हाला अर्ज लिहायला शिकवलं होतं. मला वाटलं, कुणाकडे काही मागायचं तर असंच मागायचं. म्हणून मी सांगितलं: "माननीय महोदय, सविनय विनंती की माझ्या वाडीतील सुपारीच्या दोनशे रोपांना रोग झाला असून त्यावर इलाज मिळावा. आपली नम्र." त्याला पाऊण तास लागला.

यंत्रानं उत्तर दिलं, ते मी मोठ्यानं वाचलं: "काहीही सापडले नाही. शब्द कमी करून पहा."

"उद्धट आहे," मी म्हणाले.

मॅडम हसल्या. "मावशी, त्याला महोदय कळत नाही. फक्त मुळाचे शब्द द्या."

"मुळाचे म्हणजे कुठले?"

त्याचं उत्तर तांडेलनं दिलं. "रंगूबाई, खाडीत समोरच्या होडीला हाक मारायची असली तर आपण वाक्य बोलतो का? वारा असतो, इंजिन असतं. अर्ज वाचत बसलो तर होडी आदळंल. दोन शब्द मारायचे. 'दोरी टाक!' 'डावी धर!' बस्स. हे यंत्र म्हणजे पलीकडची होडी."

मला ते एकदम समजलं. मॅडमनी तर ते फळ्यावरच लिहून ठेवलं.

त्यानंतर चार शनिवार आम्ही हाका मारल्या. सुपारी रोप रोग. सुपारी पिवळी रोग. सुपारी मूळ रोग. आता सापडायला लागलं, तेही ढिगानं. कुठं कोळेरोग, कुठं मूळ कुजणं, कुठं बुरशी. इंग्रजीतलं मॅडम मराठीत सांगायच्या, मराठीतलं मी वाचायचे. मी अडखळले की तांडेल घाई करायचा नाही. जोडाक्षर आलं की मी थांबायचे, आणि तो खिडकीतून बाहेर बघत बसायचा, लाँच धक्क्याला लागायची वाट बघतात तसा. कुणी माझ्यासाठी इतकं निवांत कधी थांबलं नव्हतं.

घरी जाऊन मी रोपाशी ताडून बघायचे. बुरशी नाही. मूळ उकरलं तर पांढरं, चांगलं. एकही रोग जुळेना. मार्च अर्धा सरला.

"मॅडम म्हणतात तसं करू," तांडेल म्हणाला. "एक शब्द काढू."

"कुठला?"

"रोग."

"अहो, रोगच तर शोधतोय आपण!"

"रोग हाय असं कोण म्हणालं?"

"स्वराजनं आणलेला माणूस."

"रोप म्हणालं का?"

मग त्यानं मला विचारलं, पान करपतं कुठल्या बाजूनं? मी डोळे मिटून वाडीत उभी राहिले. करपतं ते मावळतीच्या बाजूनं. प्रत्येक रोप, त्याच बाजूनं. आणि त्या चार जुन्या पोफळींच्या आसपासची सात-आठ रोपं? ती तर हिरवी आहेत.

"ऊन," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला. सगळी मुलं वळून बघायला लागली.

त्यानं लिहिलं: सुपारी रोप ऊन.

तिसराच निबंध तो निघाला. कुण्या मुलीनं आपल्या पदवीसाठी केलेला, खाली मराठीत सारांश. मी वाचत गेले. सुपारीचं कोवळं रोप दुपारनंतरचं ऊन सोसत नाही, पानं पिवळी पडून करपतात, मावळतीच्या बाजूला केळी लावून सावली द्यावी.

मी तिथंच कपाळाला हात लावला. आमच्याकडे रोप लागतं ते मोठ्या पोफळीखालीच. माझ्या सासूनं तसंच लावलं, तिच्या सासूनंही. उघड्यावर सुपारी कुणी कधी लावलीच नव्हती, मग सावली द्यावी लागते हे सांगणार कोण? वादळानं सावली नेली आणि मला फक्त झाडं गेलेली दिसली.

"रडू नका," तांडेल हलकेच म्हणाला. "तुम्ही रडलात तर मला वाचता येणार न्हाय."

मी हसले. त्यानं खिशातून रुमाल काढला, मला दिला नाही, टेबलावर दोघांच्या मधे ठेवला. मीही लगेच घेतला नाही. मग घेतला.

केळीचे कंद लावले, पण त्यांना वाढायला वेळ लागणार. तोवर नारळाच्या झावळ्यांचे झाप विणून प्रत्येक रोपाच्या मावळतीला उभे करायचे ठरलं. दोनशे झाप. तांडेल बुधवारीही यायला लागला.

एका बुधवारी विणता विणता तो म्हणाला, "एक विचारू? रागवायचं न्हाय."

"विचारा."

"मृणाल मॅडमचं नाव तुम्ही घेता. वाचनालयातल्या मोरूला मोरू म्हणता. शेजारच्या दिनानाथला तर कुंपणावरनं नावानं हाका मारता. माझंच नाव कधी घेतलं न्हाय."

"तांडेल म्हणते की."

"तो धंदा झाला. माझं नाव ठाऊक हाय ना? वर्गाच्या हजेरीवहीत दर शनिवारी माझ्या नावाखालीच सही करता."

"ठाऊक आहे."

"मग?"

मी झावळीची पात ओढली, ती तुटली. "आमच्यात बायका... आपल्या माणसाचं नाव तोंडानं घेत नाहीत."

बोलून गेले आणि मग कळलं की काय बोलले. त्याचा हात थांबला. मी मान खाली घालून दुसरी झावळी शोधायला लागले. ती माझ्या मांडीवरच होती.

"असं व्हय," तो म्हणाला. एवढंच. पण त्या दिवशीचे त्याचे झाप फार सैल विणले गेले. मी ते संध्याकाळी सोडवून पुन्हा विणले.

मे महिन्यात स्वराज आला. आल्या आल्या वाडीत गेला, मी मागोमाग. दोनशेतली एकतीस रोपं वाचली नव्हती, ती मी लपवली नाहीत. बाकीच्यांना मधोमध नवं पान आलं होतं, मिटलेल्या छत्रीसारखं, टोकापर्यंत हिरवं. मी निबंधाची छापील पानं त्याच्या हातात दिली. त्यानं ती उभ्या उभ्या वाचली.

"हे तू शोधलंस?"

"आम्ही."

"आम्ही कोण?"

"तांडेल आणि मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, झापांकडे पाहिलं. "वाडी राहू दे, आई. मी गिऱ्हाइकाला नाही सांगतो. पण तुझं काय? वय झालं. एकटी इथं कशी राहशील? वाडी दिनानाथकाका बघतील. तू चल, सोमवारी गाडी आणतो."

वाडी राहणार होती, पण माझ्याशिवाय. मी म्हणाले, "सोमवारी सांगते."

मधे शनिवार होता. वर्गाचा शेवटचा. तांडेल इस्त्रीचा सदरा घालून आलेला, दुसऱ्या डोळ्याचीही पट्टी निघालेली. दोन्ही डोळ्यांनी त्यानं मला पहिल्यांदाच पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"आता दिसतं तुम्हाला," मी म्हणाले. "माझं काय काम उरलं?" मग सांगून टाकलं. "स्वराज सोमवारी न्यायला येतोय."

त्यानं कीबोर्ड जवळ ओढला आणि एका बोटानं लिहायला लागला. मी बघत होते. "श्रीमती रंगूबाई यांना सविनय विनंती की आपण पनवेल येथे न जाता, श्रीवर्धन येथेच, म्हणजे अर्जदाराच्या सोबतीने..." बोट सारखं चुकत होतं. सुकाणूवर कधी न चुकलेला हात.

त्यानं शोधा दाबलं. काहीही सापडले नाही. शब्द कमी करून पहा.

"तांडेल," मी म्हणाले, "अर्ज वाचत बसलात तर होडी आदळेल."

तो ओशाळला. मग एकेक शब्द पुसत गेला. श्रीमती गेलं. विनंती गेली. अर्जदार गेला. शेवटी दोनच शब्द उरले, आणि त्यातला दुसरा त्यानं नव्यानं लिहिला.

रंगू थांब.

चाळीस-एक वर्षांत मला कुणी नुसतं रंगू म्हटलं नव्हतं. मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. मला कळा सापडायला वेळ लागतो. तो थांबला, नेहमीसारखा.

थांबले, मी लिहिलं.

काहीही सापडले नाही, यंत्र म्हणालं. आम्ही दोघं इतके हसलो की मोरू झाडू घेऊन बघायला आला.

सोमवारी स्वराजला मी सांगितलं, "एकटी नाही राहणार." तो वाडीत एक फेरी मारून आला. मग म्हणाला, "त्यांना जेवायला बोलव."

त्याच डिसेंबरात अलिबागला आमचं लग्न नोंदवलं. साक्षीला स्वराज, सुचिता आणि मृणाल मॅडम. पहिल्या लग्नात माझी सही कुणी मागितली नव्हती. इथं मी पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, आणि मागच्या रांगेतली माणसं खोळंबली तरी तो म्हणाला, "होऊ दे निवांत."

केळी पुरुषभर वाढल्या तेव्हा झाप काढले. रोपांना आता सावली आहे. तोंडानं त्याचं नाव मी कधीच घेतलं नाही. लिहायला शिकले आहे, म्हणून इथं लिहिते.

बाळाराम धर्मा चोगले, माझे पती, मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी वाडीतल्या घरी वारले.