धरणारे दोन

प्रोग्रॅमिंगची नवी भाषा संगणकावर बसवताना ती पन्नास प्रश्न विचारते आणि आम्ही प्रोग्रॅमर मंडळी एकही न वाचता 'हो, हो, पुढे' करत सुटतो. त्या सकाळी मीही तेच केलं. एका गिऱ्हाइकाच्या गोदामाचा जुना प्रोग्रॅम बंद पडला होता. तो ज्या भाषेत लिहिलेला होता ती आता कुणी वापरत नव्हतं, आणि मालकांनी ती शिकायचं काम माझ्या गळ्यात मारलं. आमचं ऑफिस म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मालक फोनवर ओरडत बसायचे, मागच्या खोलीत मी आणि एक कुरकुरणारा पंखा.

माझं डोकं तसंही ठिकाणावर नव्हतं. बाबांची कंबर रात्रभर दुखत होती. आई गेल्यापासून मी त्यांच्याजवळ राहत होते. आता काही महिने दादाने त्यांना न्यायचं असं ठरलं होतं, आणि दादा रोज नवी सबब सांगत होता. सबबी सांगण्यात माझा भाऊ पटाईत. बरं, बाबांसमोर त्याच्याविरुद्ध ब्र काढायची सोय नाही. कामात असेल गं तो, एवढंच म्हणायचे आणि विव्हळत कूस बदलायचे.

भाषा बसली. सोबत नवशिक्यांसाठी एक माहितीपत्रक होतं, ते मात्र मी वाचलं. या भाषेत प्रत्येक गोष्टीला कुणीतरी धरून ठेवावं लागतं. किती जणांनी धरलंय ते संगणक मोजतो. शेवटच्या धरणाऱ्याने सोडलं की ती गोष्ट साफ. मोडीत निघालेली पद्धत, पण समजायला सोपी.

पहिला सराव होता एखादी गोष्ट धरून सोडायचा. समोर चहाचा कप होता, म्हणून मी 'कप' लिहिलं. धरला, सोडला. स्क्रीनवर 'साफ' असं आलं. घोट घ्यायला हात पुढे केला तर कप नव्हता. टेबलावर त्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ तेवढं होतं. मी टेबलाखाली वाकून पाहिलं, मालकांना विचारलं. ते म्हणाले, हल्ली तुझं लक्ष असतं कुठे? तेही खरंच होतं.

दुसरा सराव दोन धरणाऱ्यांचा. सकाळीच दादाशी वाजलं होतं, तो राग अजून उतरला नव्हता. मी लिहिलं 'बाबा', आणि त्यांना धरणारे म्हणून 'दादा' आणि 'मी'. संगणकाने उत्तर दिलं, धरणारे दोन. म्हणे दोन! मी नाक मुरडलं आणि डबा उघडला.

दोन घास खाल्ले नाहीत तोच दादाचा फोन आला. नेहमीसारखं आढेवेढे घेईल असं वाटलं होतं, पण आज तो सरळच बोलला.

"हे बघ, माझ्याच्याने नाही व्हायचं. बाबांचं यापुढे तूच बघ. मी त्यातून अंग काढून घेतलं असं समज."

मी म्हटलं, अरे, ते सकाळपासून तुझी वाट बघत बसलेत. त्याने फोन ठेवून दिला. मी डबा बाजूला सारून स्क्रीनकडे वळले.

धरणारे एक.

मी कीबोर्डला बोटही लावलं नव्हतं. पुन्हा विचारलं. एक. कोण, म्हणून विचारलं. 'मी'.

मी भुताखेतांना भीक घालणारी बाई नाही. टेबलावर स्टेपलर होता. त्याच्यावर डोळे रोखून 'स्टेपलर' लिहिलं, धरला आणि सोडला. तो होता, आणि मग नव्हता. जरासाही आवाज झाला नाही.

घरी फोन लावला. बाबांनी उचलला तेव्हा रडू यायचंच बाकी होतं. कमरेत फार कळ मारतेय म्हणाले, संध्याकाळच्या गोळीची वाट बघतोय.

"दादा येतोय ना गं?"

"येतोय," मी म्हटलं.

तेवढ्यात मालक आत आले. गिऱ्हाईक खोळंबलंय, ते सरावाचं आवर, संगणक बंद करून पुन्हा चालू कर. प्रोग्रॅम बंद पडला की त्यात धरलेलं सगळं सुटतं, हे शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, थोडं थांबा. थांबणं हे मालकांच्या स्वभावातच नाही. तू बघत बस, मी करतो, असं म्हणत ते बटणाकडे निघाले.

आणि मला सुचलं.

या भाषेत दोन गोष्टींनी एकमेकींना धरलं की त्यांचा आकडा कधीच शून्यावर येत नाही. बाहेरच्यांनी सोडलं, प्रोग्रॅम संपला, तरी त्या साफ होत नाहीत. त्यांच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही, त्या नुसत्या अडकून पडतात. माहितीपत्रकात ठळक अक्षरांत बजावलं होतं की ही चूक करू नका. पूर्वीच्या नोकरीत अशाच दुसऱ्या एका भाषेत मी स्वतः कितीतरी पोरांना याच चुकीवरून झापलंय.

मी 'बाबा'ला धरलंच होतं. 'बाबा'ने 'मी'ला धरायची ओळ लिहिली, एंटर मारलं.

मालकांनी बटण दाबलं. स्क्रीन काळा झाला.

मी घरापर्यंत धावले. बाबा पलंगावर होते, कमरेवर हात ठेवून. आज लवकर कशी, म्हणाले. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि लहान पोरीसारखी रडले. इतकं सुख मला आयुष्यात झालं नव्हतं.

संध्याकाळी गोळी दिली. कळ गेली नाही. आणखी एक दिली. कळ तेवढीच.

दवाखान्यात नेलं. कंपाउंडर आमच्यामागच्या माणसाला आत घेऊन गेला, मग त्याच्यामागच्या बाईला. मी काउंटरवर हात आपटले. कुणी मान वळवली नाही.

ऑफिसात माझ्या खुर्चीवर दुसरीच मुलगी होती. मी मालकांच्या तोंडासमोर उभी राहून ओरडले. ते त्या मुलीला सांगत होते की जुना संगणक जळलाच होता, भंगारात दिला.

दिवस गेले. आम्हाला भूक लागत नाही. झोप येत नाही. बाबांची कंबर त्या दुपारी जशी दुखत होती तशीच दुखते, तसूभर कमी नाही की जास्त नाही.

मग एकदा दादा आला, घरांचा दलाल घेऊन. बाबांचा चेहरा उजळला. "आलास?" म्हणत ते उठायची धडपड करायला लागले. दादाने खिडक्या उघडल्या.

"आई गेल्यापासून घर बंदच आहे," तो दलालाला म्हणाला. "वडील तर मला आठवतही नाहीत. मी एकुलता एक, इथे राहणार कोण?"

बाबांनी सगळं नीट ऐकलं.

"दमलाय गं तो," ते मला म्हणाले. "त्याला पाणी दे."

आता तिथे एक जोडपं राहतं. आमच्या पलंगाच्या जागी त्यांचं कपाट आहे, बाबा त्याला टेकून बसतात. दादा येणार का, हे आता विचारत नाहीत. एकच म्हणतात.

"सोड गं मला. फार दुखतंय."

काल मी सोडलं. एकेक बोट उकलून त्यांचा हात सोडला, जिना उतरले, वळूनही न बघता चौक ओलांडला. मागून अनवाणी पावलं फरफटल्याचा आवाज येत होता. बाबा एका हाताने कंबर धरून माझ्यामागे ओढले जात होते, आणि त्यांचा दुसरा हात माझ्या हातात होता.