आन्तेचं जेट

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या. फक्त "भास झाला असेल" म्हणू नका. ते सांगणारे खूप भेटलेत मला.

उत्तर ध्रुवाकडच्या काराश्योक गावाबाहेर, पठाराच्या कडेला आमचं घर आहे. गोष्ट गेल्या डिसेंबरातली. रात्रीची नाही, भर दुपारची. पण त्या दिवसांत आमच्याकडे सूर्य वर येतच नाही. दुपार काय आणि रात्र काय, सारखीच.

शेडमध्ये मी आणि बाबा होतो.

आणि आन्तेची स्नोमोबाइल, बर्फावर चालणारी गाडी.

आन्ते माझा मोठा भाऊ. घरचा धंदा रेनडिअर राखण्याचा, पण याचा सगळा जीव इंजिनात. कंपनीचं इंजिन त्याला पुळचट वाटायचं. त्याने मोठे सिलिंडर बसवले, हेड घासून कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, वाढवलं, सायलेन्सर बदलला. बाबा चिडवायचे, "अरे, रेनडिअर हाकायचेत. विमान नाही उडवायचं."

त्याच वर्षी नोव्हेंबरात तो किनाऱ्याकडे गेला होता, मागे राहिलेले रेनडिअर शोधायला. परत येताना पठारावर इंजिन बंद पडलं. वर वादळ.

वादळ थांबल्यावर सापडला. गाडीपासून बराच पुढे... घराकडे तोंड करून.

इंजिनातल्या पिस्टनला भोक पडलं होतं.

किनाऱ्यावर हवा सौम्य असते. तिथे कार्बोरेटरमध्ये छोटं जेट चालतं. जेट म्हणजे भोक पाडलेला पितळेचा इवला तुकडा, पेट्रोल त्यातून आत जातं. पठारावरच्या थंडीत इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. म्हणून वाटेतल्या झोपडीत थांबून सगळे मोठं जेट बसवतात. विसरलं, तर इंजिन आतून ठोकायला लागतं. टक, टक, टक. मग पिस्टन जातो.

"विसरला," बाबा म्हणायचे. जेवताना, लाकडं फोडताना, एकटेच बसलेले असताना. रागाने. पोटचा पोरगा गेला, पण ते एकदाही रडले नव्हते.

मला मात्र आन्तेचा खालचा ओठ दिसत राहायचा. सापडला तेव्हा सोललेला होता. जेट बदलताना दुसरं जेट तो ओठांत धरायचा आणि कडक थंडीत पितळ कातडीला चिकटतं. यावरून त्याने बाबांच्या किती शिव्या खाल्ल्या होत्या.

म्हणजे त्याने जेट बदललं होतं. माझा भाऊ विसरला नव्हता. मला एवढंच बाबांना दाखवायचं होतं, बाकी काही नको होतं.

त्या दुपारी नवा पिस्टन बसवून झाला. बाबा कॉफी आणायला घरात गेले. मी कार्बोरेटर उघडला.

आत मोठं जेट होतं.

मी दारातून हाक मारली. "बाबा, लवकर या. त्याने बदललं होतं."

बाबा आले. बॅटरी धरून वाकले.

"सुन्ना, डोळे तपासून घे तुझे."

मी पाहिलं...

आत छोटं जेट होतं.

मी बोट लावलं आणि ते चिकटलं. शेगडी धगधगत होती. आम्ही दोघंही कोटाशिवाय होतो. तरी ते पितळ इतकं गार, की बोट ओढून काढताना कातडी निघाली.

मी ते छोटं जेट काढलं. माझ्या हाताने मोठं जेट बसवलं, पान्याने आवळलं. टाकीत होतं तेच पेट्रोल ठेवून गाडी सुरू केली. बाबांनी हळूहळू वेग वाढवला.

टक... टक... टक टक टक.

"बंद कर," बाबा ओरडले. "मोठं जेट घातलंस ना?"

"घातलंय बाबा. स्वतः घातलंय."

त्यांनी कार्बोरेटर उघडला. छोटं जेट.

"तूही भावावरच गेलीस," ते म्हणाले. पण चिडवण्याचा आवाज नव्हता तो. नवा प्लग आणायला म्हणून ते बाहेर गेले.

मी तिथेच खाली बसले. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत आन्तेने बसवलेलं मोठं जेट होतं, आणि ते असतानाही पिस्टन गेला होता. म्हणजे दोष जेटचा नव्हताच.

मी टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

आंबूस, रंगाच्या जुन्या डब्यासारखा. हे पेट्रोल यंदाचं नव्हतं. आन्तेने माहीत असताना असलं पेट्रोल आपल्या गाडीत कधी घातलं नसतं. वाढवलेल्या कॉम्प्रेशनला ते झेपत नाही.

सीटमागे एक रिकामा कॅन बांधलेला होता, वाटेतल्या झोपडीत सगळ्यांसाठी ठेवतात त्यातला. कॅनच्या कडीला विणलेली पट्टी होती.

आमच्यात पट्टी असलेला कॅन म्हणजे यंदाचं पेट्रोल, कुणीही डोळे झाकून ओतावं. पेट्रोल जुनं झालं की ज्याचा कॅन असेल त्याने पट्टी सोडायची. ही सोडायची राहून गेली होती.

पट्टी आईने विणलेली होती.

आणि गाठ डावखुरी. आमच्या घरात डावखुरे एकटे बाबा.

म्हणजे विसरले होते ते बाबा. बाहेर बर्फावर बाबांची पावलं वाजत होती. मी कॅन उचलला. "बाबा..." मी तोंड उघडलं.

टक.

माझ्या मागे. बंद इंजिनात.

टक... टक... टक...

तेव्हा मला कळलं, छोटं जेट कोण घालत होतं. गेल्यावरही तो स्वतःला विसरभोळा ठरवत होता. बाबांना खरं कळू नये म्हणून. कसला वेडा होता माझा भाऊ.

मी गाठ सोडली आणि पट्टी शेगडीत टाकली. ठोकणं थांबलं.

"काय गं, हाक मारलीस?" बाबा दारात उभे.

"काही नाही. तुमचं बरोबर होतं बाबा. विसरलाच तो."

बाबा त्याच्या गाडीच्या सीटवर बसले. हँडलवर डोकं टेकलं. "दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं रे तुला," म्हणाले आणि रडले. पहिल्यांदाच. मी त्यांना धरून रडत राहिले.

नंतर टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं. इंजिन साफ चाललं. प्लग काढून पाहिला तर छान कॉफीच्या रंगाचा, म्हणजे पेट्रोल नीट जळत होतं. तेव्हापासून मोठं जेट जागचं हललेलं नाही.

मला वाटलं, संपलं.

आता पुन्हा काळोखाचे दिवस आलेत. काल दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. शेडला कुलूप होतं.

टक... टक...

मी मान खाली घालून जेवत राहिले. मला वाटलं, हे फक्त मलाच ऐकू येतंय.

बाबांनी चमचा खाली ठेवला.

"सुन्ना... झोपडीतल्या त्या कॅनची पट्टी मी सोडली होती ना गं?"

"हो बाबा. सोडली होती."

ते खिडकीतून शेडकडे बघत राहिले.

"मग हा अजून ठोकतोय कशाला?"