चिपचा तिसरा पाय

आजोबांनी हात जवळ नेला की हिरवा दिवा लागे. हात मागे घेतला की विझे. हात आणि चिप यांच्यामध्ये बोटभर हवा होती, दुसरे काही नाही. अकरा वर्षांच्या संबोधीने हे चारदा पाहिले आणि पाचव्यांदा तिने स्वतःचा हात नेऊन बघितला. दिवा लागला!

ही गोष्ट २०५९ सालची. चंद्रपूरजवळच्या एका विद्यापीठात संगणकाच्या हार्डवेअरचा (म्हणजे संगणकातल्या हाताला लागणाऱ्या भागांचा) वर्ग त्या वर्षी सर्व वयांच्या लोकांसाठी खुला झाला होता. संबोधीचे आजोबा तुळशीराम नगराळे छत्तीस वर्षे विजेच्या खांबांवर चढले होते. एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी या वर्गात नाव घातले. प्रत्येक विद्यार्थ्याला एक जोडीदार लागे, आणि शाळेला सुट्टी असल्यामुळे आजोबांची जोडीदार संबोधी झाली.

वर्गाच्या बाई, मडावी मॅडम, बोलायला गोड आणि नियमांना कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांकडून नियम मोठ्याने वाचून घेतले होते. वही पेनानेच लिहायची. चूक झाली तर खोडायची नाही, त्यावर एकच रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. जोडीदाराने जोडणी तपासून सही केल्याशिवाय वीज सोडायची नाही. ज्याची मदत घेतली त्याचे नाव लिहायचे. आणि शेवटचा नियम होता, 'चिपचा एकही पाय लोंबकळत ठेवू नये.' हा नियम वाचताना सगळे हसले होते. त्याचे कारण मॅडमनी सांगितले नाही. "ज्याला सापडेल त्यानं वहीत लिहावं," एवढेच त्या म्हणाल्या.

आजचे काम खाणीतल्या पाळण्याच्या (माणसांना खाली-वर नेणाऱ्या पिंजऱ्याच्या) छोट्या नमुन्याचे होते. पाळण्याचे दोन्ही दरवाजे बंद झाले तरच हिरवा दिवा लागायला हवा. त्यासाठी एक गेट वापरायचे होते. गेट म्हणजे आत येणारे संकेत पाहून एकच उत्तर देणारा चिमुकला परिपथ (सर्किट). संकेत दोनच, एक (वीज आहे) किंवा शून्य (वीज नाही). सगळीकडून एक आला तरच हे गेट एक सांगे. आजोबांना मिळालेल्या गेटच्या चिपला संकेत आत नेणारे तीन पाय (धातूच्या बारीक काड्या) होते. दोन दरवाजांचे दोन जोडले, तिसरा रिकामा राहिला. आता दोन्ही दरवाजे बंद होते, तरी दिवा हात जवळ नेला तरच लागत होता.

परीक्षेच्या दोन संधी आधीच हुकल्या होत्या. तिसरी हुकली तर आजोबांना वर्ग सोडावा लागणार होता. पारखी नावाचा तपासणी-यंत्रमानव रांगेतून हळूहळू त्यांच्या टेबलाकडे सरकत होता.

"आजोबा, तो येईल तेव्हा तुम्ही हात तिथंच ठेवा ना," संबोधी कुजबुजली. "दिवा लागलेलाच राहील."

आजोबांनी तिच्याकडे पाहिले. रागावले नाहीत.

"अन् खाणीतल्या माणसांनी कोणाचा हात शोधावा, संबू?"

संबोधीची मान खाली गेली. पारखी येऊन थांबला. उत्तर सांगायची त्याला परवानगी नव्हती, तो फक्त विचारू शके.

"तिसऱ्या पायावर काय आहे?" त्याने विचारले.

"काहीच नाही. म्हणजे शून्य," संबोधी म्हणाली.

"काहीच नाही म्हणजे शून्य, हे कोणी तपासलं?"

आजोबा एकदम ताठ बसले. "थांब बाप्पा! हे तर मले ठाऊक आहे." ते संबोधीकडे वळले. "आम्ही लाईन बंद करून खांबावर चढायचो. बंद तार, तरी तिले हात लावत नव्हतो. काऊन? शेजारून दुसरी चालू लाईन गेली असली, तर बंद तारेतही वीज उतरते. म्हणून आधी अर्थिंग करायचं, ती तार जमिनीले जोडून टाकायची. मग ती खरी बंद."

"म्हणजे न जोडलेली तार शून्य नसते?"

"ती कोणाचीच नसते. जो जवळ येईल त्याचं ऐकते."

संबोधीला कळले. चिपच्या पायाला इतकी कमी वीज पुरते, की हातावरच्या किंचित विद्युतभारानेही (अंगावर साठलेल्या विजेनेही) तो एक आला असे समजतो. दरवाजे बंद असूनही दिवा हाताचे ऐकत होता!

त्यांनी वीज बंद केली, तिसरा पाय शून्याच्या, म्हणजे जमिनीला जोडलेल्या तारेला जोडला, संबोधीने सही केली, वीज सोडली. आता हात नेला तरी काही होईना. पण दोन्ही दरवाजे बंद केले तरीही दिवा लागेना.

"चुकलं," आजोबा पुटपुटले आणि त्यांनी ते पेनाने वहीत लिहिले.

संबोधी चिपकडे बघत राहिली. हे गेट तिघांचाही होकार मागते. तिसरा सतत नाही म्हणतोय. "आजोबा, खांबावर शून्य बरोबर होतं. इथं तिसऱ्यानं कायम हो म्हणायला हवं. एकाच्या, म्हणजे कायम वीज असलेल्या तारेला जोडू या!"

पुन्हा वीज बंद, पुन्हा जोडणी, पुन्हा सही. एक दरवाजा बंद केला, दिवा गप्प. दुसरा बंद केला आणि हिरवा दिवा लागला. पारखीने स्वतःचा धातूचा हात चिपवरून फिरवला. दिवा हलला नाही.

"उत्तीर्ण," तो म्हणाला.

मडावी मॅडमनी वही वाचली; लोंबकळत्या पायाचे कारणही आजोबांनी तीत लिहिले होते. चुकलेल्या जोडणीचे पान त्यांनी दोनदा वाचले. "नगराळे काका, या पानालाही गुण आहेत. आणि पाय एकाला जोडायचा, हे कोणाला सुचलं त्याचं नाव राहिलं."

आजोबांनी पेन घेतले आणि वळणदार अक्षरात लिहिले, 'मदत : संबोधी नगराळे, इयत्ता सहावी.'

"पुढच्या आठवड्यात आठवण ठेवणारा परिपथ करायचा आहे," मॅडम म्हणाल्या. "बटण सोडलं तरी काय दाबलं होतं ते तो विसरत नाही."

"पण तो आठवण ठेवतो कुठं?" संबोधीने विचारले.

"शाळा सोमवारी सुरू होते ना तुझी?" मॅडमनी विचारले.

"हो. पण चार वाजता सुटते," संबोधी म्हणाली, आणि आजोबांकडे बघू लागली.