मागची सीट

वडगावात सकाळ कोंबड्यानं होत नाही, मागानं होते. एकानं बटण दाबलं की सगळ्या गल्लीतले पॉवरलूम खडखडायला लागतात, आणि त्या आवाजात माणसाला मनातलंसुद्धा ओरडून सांगावं लागतं. केदारीआप्पांच्या घरात असे दोन माग होते. आप्पा गेल्यापासून एकच चालायचा, तो त्यांची बायको राजेश्वरी चालवायची. विणलेल्या साड्या खडेबाजारच्या दुकानात पोचवायचं काम आता लेकीवर, रचनावर आलं होतं.

रचना नुकतीच अठराची झालेली, पीयूसी म्हणजे बारावी पास. आप्पांची स्कूटर दारातच होती. निपाणीहून येताना हायवेवर अपघात झाला, आप्पा जागच्या जागी गेले, पण स्कूटर खासबागच्या मष्णू मेस्त्रीनं पुन्हा उभी करून दिली. आता बघा दैव कसं असतं! लोखंड दुरुस्त झालं, माणूस नाही.

आईनं निक्षून सांगितलं, "लायसन हातात येऊ दे. तवर एकटीनं गाडी दाराभाईर काढायची न्हाय. न्हाय जमलं तर सांग, इकून टाकू."

विकायचं नाव काढलं की रचना फडकं घेऊन गाडी पुसायला लागायची. आप्पांचं म्हणून घरात चालतं-फिरतं एवढंच उरलं होतं.

लर्निंगचं लायसन मिळालं, पुढं-मागं लाल एल काढून झाला. पण शिकणाऱ्याच्या मागं लायसनवालं माणूस बसायला पाहिजे, असा कायदा. आणि माणूस आणायचं कुठनं? शेजारचे भरमाकाका म्हणाले, "येतो की गं पोरी, उद्या येतो." त्यांचा उद्या काही उगवला नाही. आप्पा असताना चहाला दारात रांग लागायची. आप्पांचे दिवस झाले, आणि तीच माणसं खाली मान घालून दारावरनं जायला लागली. मेलेल्या माणसापेक्षा मागं राहिलेल्यांचीच लोकांना जास्त भीती वाटते की काय, कुणास ठाऊक.

शेवटी एका पहाटे रचनानं आईला सरळ थाप मारली, "भरमाकाका चौकात थांबल्यात," आणि गाडी घेऊन एकटीच यळ्ळूर रस्त्याला लागली.

भात कापून गेलेलं मोकळं शिवार. त्यावर धुकं असं बसलेलं की पुढचा बांध दिसेना. मागांचा खडखडाट पाठीमागं राहिला आणि इतकं सुनसान झालं की तिला आपला श्वास ऐकू यायला लागला. गाडी चार हात जायची आणि बंद पडायची. शेवटी ती तशीच हँडलवर डोकं टेकून रडली. मग पदराची सवय नाही म्हणून ओढणीला नाक पुसलं, मागच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "बसा. माझ्या मागं बसायला दुसरं हाय तरी कोण?"

मागची स्प्रिंग कुरकुरली. सीट दबली. आणि स्कूटर किंचित डावीकडं कलली.

तुम्ही-आम्ही असतो तर गाडी तिथंच टाकून धूम ठोकली असती. पण रचनाच्या नाकाला वास आला तो खळीचा, नव्या कोऱ्या साडीला असतो तो. आप्पांच्या सदऱ्याला जन्मभर हाच वास होता. तिच्या अंगावर काटा आला तो भीतीचा नव्हता. आप्पांच्या तोंडाला असायचा तो निपाणीच्या तंबाखूचा वास तेवढा येत नव्हता. वर गेल्यावर सुटली असंल सवय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

मग रोज पहाटे तेच. ती म्हणायची, "बसा," आणि सीट दबायची. गाडी डावीकडं ओढायची, म्हणून ती अंग जरा उजवीकडं टाकायला शिकली. वाटेत ती सगळं सांगायची. आई रात्री जेवत नाही. दुसरा माग धूळ खातोय. मागनं उत्तर कधी यायचं नाही. एकदाच धुक्यातनं बैलगाडी अंगावर आली, तेव्हा खांद्यावर थंड बोटं टेकली आणि कानाशी कुणीतरी पुटपुटलं, "सावकाश..."

तो आवाज बाईचा की बाप्याचा, हे त्या घाईत कुणाला कळणार?

टेस्टच्या दिवशी मैदानात लख्ख ऊन होतं. कानडी वळणाचं मराठी बोलणारे एक साहेब पॅड घेऊन उभे होते. रचनाची पाळी आली तसे ते धाकट्या बहिणीला हाक मारावी तसे म्हणाले, "ए तंगी, टेस्टला एकटीनं चालवायचं. मागच्या बाईला उतराय सांग."

"कुणाला, सर?"

"त्याच की, हिरव्या साडीवाल्या. आणि घरी जाताना दोन्हीकडं पाय टाकून बसाय सांग त्यांना. एका अंगाला बसलं की गाडी ओढती." त्यांनी पॅडवर काहीतरी लिहिलं, मान वर केली. "हां, उतरल्या. चल, आठ काढ."

तिनं मागं वळून बघितलं नाही. गाडी सोडली, तर ती नको इतकी हलकी, उजवीकडंच जायला लागली. पहिल्या वळणावर पाय टेकणार, सगळं हातचं जाणार, एवढ्यात स्प्रिंग कुरकुरली. गाडी डावीकडं कलली आणि आठ कसा सुतात निघाला.

"पास," साहेब म्हणाले.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आईनं माग बंद केला. भर दुपारी त्या घरात असा शुकशुकाट कधी झाला नव्हता. ती उठली, ट्रंकेच्या तळातनं कापडाचा एक तुकडा काढला. हिरवा, तेलकट, चाकात पिळवटलेला.

"मष्णूनं मागच्या चाकातनं काढला ह्यो. तुमच्याच साड्यांच्या गठ्ठ्यातला असंल म्हणला. पर गठ्ठा जसाच्या तसा घरी आलता, रचना... एक साडी फाटली नव्हती."

"मग कुणाचा?"

"ही आपली वीण न्हाय. लई जणींना दाखवली, वडगावात कुणाचीच न्हाय." आईनं तुकडा उलटा करून बघितला. "आप्पा एकटंच निघालतं. पर वाटंत कुणी हात केला की थांबायचा सभाव त्यांचा... मागं बसलेल्या कुणा बाईचा पदर चाकात गेला असंल, ती कोण, तिचं काय झालं, कुणीच सांगितलं न्हाय. तू काय म्हणून बोलवायचीस गं?"

"नुसतं बसा म्हणायची."

"नाव न्हाय घ्यायचीस?"

"आप्पांचं नाव मी कसं घेऊ, आई?"

आईनं कपाळाला हात लावला. "म्हाळाला पितरांना जेवाय बोलवतानासुदिक नाव घ्यावं लागतंय. नाव न घेता बसा म्हणलं की... रस्त्यावर जे कोण उबं असंल, ते बसतंय."

लायसन पोस्टानं आलं. आईनं ते देवापुढं ठेवलं, कुंकू लावलं आणि एकच अट घातली, "एकटीनं जायाचं, एकटीनं याचं. कुणाला बोलवलंस तर ह्ये चुलीत घालीन आणि गाडी इकीन." रचना हो म्हणाली. मनापासून म्हणाली.

तिनं एल खरवडून काढला आणि खडेबाजारात साड्या पोचवल्या. येताना दिवेलागण झाली होती. ज्या त्या गाडीवर मागं कुणीतरी होतं. कुणाची बायको, कुणाचं पोर, कुणाचं नुसतं भाजीचं पोतं. रचनाची सीट तेवढी मोकळी. घराच्या वळणावर तिनं गाडी वळवलीच नाही, तडक यळ्ळूर रस्त्याला घातली.

शिवारात अंधारून आलं होतं. तिनं गाडी थांबवली. आईची अट आठवली, आणि तरी जन्मात पहिल्यांदा बापाचं नाव तोंडानं घेतलं. कान तापले.

"केदारीआप्पा... बसा."

काही नाही. लांब कुठंतरी टिटवी ओरडली. तिनं पुन्हा हाक मारली. सीट तशीच, कोरडी, हलकी.

आणि तिला कळलं, आप्पा एकदाही आले नव्हते. रोज पहाटे घरचं दुखणं तिनं सांगितलं ते कुणा परक्या बाईला. भीती वाटायला पाहिजे होती. तिला आधी रडूच आलं. घरी जाऊन तरी काय, आई मागाशी बसलेली असणार, आणि त्या खडखडाटात दोघी एकमेकींना काही सांगणार नाहीत.

पदरात घ्यायला कुणी नसलं की माणूस कुठवर जातं बघा. तिनं मान खाली घातली आणि तिचं तिलाच ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "...बसा."

सीट दबली. गाडी डावीकडं कलली. खळीचा वास आला.

रचनानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली. आणि स्प्रिंग पुन्हा एकदा कुरकुरली, या वेळी जास्त जड. डावीकडं कललेली गाडी हळूहळू सरळ झाली.

खळीच्या वासावरनं आता निपाणीच्या तंबाखूचा वास येत होता.