आठव्या दिवसाचा विटाळ

“शिवू नको तिका, मालन! गौरीक निवेद दाखवचो हा!”

जानकीबाईंचा आवाज विक्रोळीच्या त्या चाळीत पार नळापर्यंत गेला असेल! मालन सोवळ्यात वडे तळत होती आणि तिची धाकटी जाऊ सुलक्षणा दाराशी गोणपाटावर भिंतीला टेकून बाजूला बसली होती... आज आठवा दिवस! ऐन गौरीच्या कामाला पोरगी अंग चोरतेय, एवढाच सासूबाईंचा संशय.

मालनचा संशय वेगळा होता. सुलक्षणा बाजूला बसली की सगळं पाणी मालनला एकटीला भरावं लागे, आणि या खेपेआधीचे दोन महिने तसं एकदाही झालं नव्हतं. तिने कढई उतरवली, जवळ जाऊन पाहिलं... गोणपाट रक्ताने भिजलेलं, पोरीचे ओठ पांढरेफटक!

“हिला दिवस गेलेत, आई! हा विटाळ नाही!” तिला कवेत घेत मालनने शेजारच्या धाकूला रिक्षा आणायला पिटाळलं.

“माका सांगल्यान नाय, नि तुका बरा ठावक! काय चारलंस गे तिका?”

बारा वर्षं कूस न उजवलेल्या मालनच्या काळजाला ते शब्द चरचरून गेले. पण रिक्षा दाराशी आली होती; तिने सुलक्षणाला उचललं.

इस्पितळात रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या. गर्भ पडला होता, आत राहिलेला अंश रक्त थांबू देत नव्हता. उद्यावर टाकलं असतं तर बाई हाती लागली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी जानकीबाई विचारत्याच झाल्या, “ह्या मालनीन कायतरी दिल्यान काय तिका?”

“ताईंनी काही नाही दिलं...” खाटेवरून क्षीण आवाज आला. “मीच लपवलं. तुम्हीच सांगितलं होतंत ना आई, दिवस गेले तर मालनला कळू देऊ नको, वांझेची दृष्ट लागते... एवढ्याशा खोलीत तुम्हाला सांगितलं असतं तर ताईंनी ऐकलंच असतं. म्हणून कुणालाच नाही सांगितलं. रक्त जायला लागलं, तशी गुपचूप बाजूला बसले.”

जानकीबाईंनी मालनपुढे हात जोडले. “चुकलंय गे, मालन... माझ्या तोंडानच नातवंड खाल्ल्यान!”

एकाच चुलीवर जेवणाऱ्या या माणसांनी आपल्याला इतकी वर्षं काय समजावं! उठून सरळ निघून जावं, असं मालनला वाटलं. तेवढ्यात सुलक्षणाच्या गार बोटांनी तिचा हात धरला.

“पुढच्या खेपेला, ताई... ह्यांच्याही आधी तुम्हाला सांगेन.”

आणि इतका वेळ आवरून धरलेलं मालनचं रडू फुटलं.